शेट्टींचं पान

आमच्या घराण्यात भूत कुणी पाहिलेलं नाही. भूत झालेला मात्र एक जण आहे, आणि तो मी.

तसा मी सरळमार्गी माणूस. दारू नाही, पत्ते नाहीत. व्यसन एकच, दुसऱ्याच्या घरचं जेवण! साताऱ्याहून बदली होऊन वाशीला आलो तेव्हा नवी मुंबई अर्धी बांधलेली होती आणि अर्धी नुसतीच खणलेली. लोक रविवारी बागेत जायचे, बाग नसली तर 'येथे बाग होणार' या पाटीपाशी जायचे. मी स्कूटर काढायचो, नलूला (म्हणजे बायकोला) मागे बसवायचो आणि खायला निघायचो. कळंबोलीला लोखंड बाजारामागे, ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर खाटेवर मांडी ठोकून काळी डाळ खाल्ली. करावे गावात एका मावशीच्या ओट्यावर खाडीतली कोलंबी खाल्ली. तळवलीला तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील. आणि घरी येऊन प्रत्येक पदार्थावर व्याख्यान द्यायचो. मसाला कुठला, रीत कुणाची, सगळं! त्यातलं निम्मं माझं मीच रचलेलं असायचं.

"प्रवासाने माणूस शहाणा होतो," मी म्हणायचो.

"रुंद होतो," नलू म्हणायची.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर इक्बाल मुकादम बसायचा. श्रीवर्धनकडचा कोकणी मुसलमान. नेरुळला बैठं घर घेतल्यापासून तो मला जेवायला बोलावत होता, आणि काही ना काही आडवं येत होतं. शेवटी एका शनिवारी त्याने मला जिन्यात गाठलं.

"उद्या यायचं म्हणजे यायचं! शाहीन सांदणं करतेय, मटण करतेय. आणि ऐक, पुढचा रस्ता खणलाय, ड्रेनेजचं काम. तू मागच्या गल्लीतून ये. कोपऱ्यावरून सहावं घर, किचनचं दार उघडंच असेल. मी बर्फ आणायला गेलेलो असलो तर थांबू नको. सरळ आत जा, बस, सुरू कर. लाजलास तर बघ, आमी काय परके नाय!"

मी आणि लाजणार!

रविवारी निघताना नलूने कॅलेंडर दाखवलं. "आज सर्वपित्री आहे. भर अमावस्येला, भर बाराला कुणी कुणाकडे जेवायला जातं का?"

"आपलं श्राद्ध साताऱ्याला दादा घालतो. आणि इक्बालला कसली आलीय सर्वपित्री?"

"त्यांना नसेल. गल्लीला आहे ना!" असं काहीतरी पुटपुटत ती मागे बसली. मी हसलो. तेच त्या दिवशीचं माझं शेवटचं हसू.

नेरुळच्या त्या सेक्टरात तेव्हा निम्म्या घरांत माणसं राहायची आणि निम्म्यांत वारा. सगळी घरं एका साच्यातून काढलेली, तोच पिवळा रंग, तीच खिडकी, तेच मागचं लोखंडी दार. नंबर फक्त पुढच्या भिंतीवर. मागच्या गल्लीत गुडघाभर गवत होतं आणि त्यावर बाराचं ऊन नुसतं उभं होतं. कुत्रं नाही, पोर नाही. आणि सर्वपित्री असून कावळासुद्धा नाही! कुठल्या तरी रिकाम्या घराचं दार आपलं आपण उघडत होतं आणि मिटत होतं. स्कूटर बंद केली तेव्हा तर माझ्याच कानांत माझाच श्वास ऐकू यायला लागला.

गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजच्या पाइपावर गावातला एक म्हातारा बसला होता. अंगावर बंडी, डोक्याला फडकं.

"कुठं चाल्लं?"

"जेवायला," मी म्हणालो.

त्याने मला वरून खाली पाहिलं. "आज अवस हाय. या वक्ताला या गल्लीन कोनी जेवाला जात नाय." मग म्हणाला, "जेवाला येतान, ते येगले."

नलूने माझा शर्ट मागून असा पकडला की वरचं बटण गळ्यात रुतलं. चार पावलं गेल्यावर आम्ही वळून पाहिलं, तर पाइपावर कुणी नव्हतं! (तो खड्ड्यात कामाला उतरला होता. पण हे कळलं नंतर, आणि नंतर कळून काय उपयोग?)

"चला घरी," नलू म्हणाली.

"अगं, मटण निवेल! कोपऱ्यावरून सहावं घर."

"कुठल्या कोपऱ्यावरून?"

"हा काय प्रश्न झाला? कोपरा म्हणजे कोपरा!"

(गल्लीला दोन कोपरे असतात. बारा घरांच्या रांगेत अलीकडून सहावं एक आणि पलीकडून सहावं दुसरं. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही.)

सहाव्या घराचं मागचं दार खरंच उघडं होतं. इक्बालचा शब्द! आत स्वयंपाकघर. ओट्यावर पातेली, झाकणं काढली तर वाफा. पण माणूस नाही.

"वहिनी!" मी हाक मारली. पुढच्या बंद दारापलीकडे माणसं हळू आवाजात बोलत होती. माझी हाक गेली आणि ती एकदम गप्प झाली.

मधल्या खोलीत पडदे ओढलेले. अंधारात एक समई तेवत होती. समईपुढे एक पाट, पाटापुढे स्टीलच्या ताटात केळीचं पान, आणि पानावर सगळं वाढलेलं! भात, लालभडक रश्शात कोंबडी, बांगडा, कुरकुरीत पातळ तांदळाच्या रोट्या. पाण्याचा पेला काठोकाठ. बाजूला विडा, सुपारी, आणि एक विडी.

"इक्बालभाऊंकडे समई?" नलू कुजबुजली.

"लोडशेडिंग. मेणबत्त्या संपल्या असतील."

"ते मटण म्हणाले होते. ही कोंबडी आहे."

"मटण महागलं असेल."

"विडी?"

"पाहुण्यासाठी! किती विचार करतात बघ."

"माणसं बाहेर, दार बंद, आणि पान एकच आत. अहो, मला हे बरं लक्षण दिसत नाही."

"पाहुणा जेवेपर्यंत घरच्यांनी समोर यायचं नाही, अशी यांची जुनी रीत आहे," मी ठणकावून सांगितलं. (अशी रीत कुणाचीही नाही. ती मी तिथल्या तिथे जन्माला घातली.) आणि पाटावर बसलो.

काय सांगू! पहिल्या घासाला डोळे मिटले. नारळाचं दूध, भाजलेल्या मिरचीचा वास, आणि त्या रश्शात बुडवलेली ती रोटी, अर्धी मऊ नि अर्धी कुरकुरीत. एवढं खाल्लं होतं आयुष्यात, पण हे काही वेगळंच होतं. "यालाच सांदण म्हणतात," मी नलूला समजावलं.

"सांदण मऊ असतं."

"ते फणसाचं. हे यांचं." आणि मी दुसरी रोटी मोडली. कुर्रम!

दारापलीकडून कुणीतरी दचकून श्वास घेतला.

मी थांबलो. पुन्हा चावलो. कुर्रम! पलीकडे बांगड्या वाजल्या. एक पुरुषी आवाज म्हणाला, "आई, मांजर असेल गं."

"मांजर रोटी मोडून मोडून खातं का रे?" बाईचा आवाज, कापरा.

घरात मांजर दिसतंय, एवढंच मी मनाशी म्हटलं आणि बांगड्याला हात घातला. पण आता मानेवर काहीतरी गार वाटत होतं. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि समईची ज्योत हळूच माझ्याकडे वाकली. वरून कुणीतरी बघतंय असं सारखं वाटायला लागलं. शहाण्या माणसाने मान वर करून पाहिलं असतं. मी कोंबडी संपवत होतो.

"अहो," दाराला तोंड लावून ती बाई हळूच म्हणाली. "आलात?"

"हो, आलो!" मी भरल्या तोंडाने म्हणालो. न बोलणं बरं दिसलं नसतं.

बाहेर काहीतरी धप्पकन खाली बसलं. मग हुंदका. "किती वर्षं वाट बघतेय हो!"

इक्बाल किती दिवसांपासून बोलावत होता, ते आठवून मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. केवढी ही माया!

"एक विचारू? तुम्ही जिवंत होतात तेव्हा विचारायची माझी छाती झाली नाही."

घास हातातच राहिला. नलूकडे पाहिलं, तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या डोक्याच्या वर, भिंतीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. मी हळूहळू मान वर केली. अंधारात फोटो. जाड मिशा, जाड भुवया, ताजा हार. आणि तो गृहस्थ थेट माझ्या पानात बघत होता.

त्याच्याच पानात मी बसलो होतो!

नलू केव्हाच स्वयंपाकघराच्या दारात पोचली होती आणि दोन्ही हातांनी 'उठा, उठा' करत होती. मी उठायला लागलो. अंगाला दरदरून घाम. तेवढ्यात ती बाई पुन्हा बोलली.

"कोंबडी वाढली की तुम्ही नेहमी म्हणायचात, आईच्या हातची सर नाही. सारा संसार त्यात गेला. तुम्ही गेल्यावरही दर सर्वपित्रीला पान ठेवते, पण एक शीत हललेलं नसतं. म्हटलं, मेल्यावरही नावडतंच ह्यांना माझ्या हातचं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आज खाताय. एवढंच सांगा हो, जमलीय का?"

मला पळायचं होतं. देवाशपथ, मला फक्त पळायचं होतं! पण त्या प्रश्नाने पाय धरले. मी गुपचूप पळालो असतो तर ती बाई त्या बंद दाराशी उत्तराची वाट बघत राहिली असती, आणि पुढच्या वर्षीही तेच पान मांडून पुन्हा तशीच बसली असती. माझ्या पोटात तिचीच कोंबडी होती, आणि मी जन्मात तसली कोंबडी खाल्ली नव्हती.

"फक्कड!" मी म्हणालो. भीतीने आवाज असा निघाला की तो माझा मलाच ओळखू आला नाही.

पलीकडे ती बाई हसली की रडली, ते अजूनही मला सांगता येणार नाही.

मग टाळी वाजली. (नंतर कळलं, तीन टाळ्या वाजवून मग दार उघडायचं, म्हणजे जेवायला आलेल्याला उठून जायला वेळ मिळतो. समजूतदार लोक!) मी ताट उचललं, पान गुंडाळून बादलीत टाकलं, मोरीत ताट विसळलं आणि ओट्यावर पालथं घातलं.

"आत्ता?" नलू दातओठ खात म्हणाली. "आत्ता सुचतंय तुम्हांला हे?"

काय करणार, सवय! लग्न झाल्यापासून मी जेवल्यावर ताट विसळल्याशिवाय जागचा हललेलो नाही. तिनेच लावलेली शिस्त.

तिसऱ्या टाळीला आम्ही गल्लीत होतो, आणि पहिलं उघडं दार दिसलं त्यात घुसलो. ते इक्बालचं होतं! अगदी शेजारचंच घर.

"कुठं होता यार? आणि हा घाम कसला?" इक्बाल विचारत होता. शाहीनवहिनींनी टेबल मांडलेलं होतं. मटण, आणि पांढरीशुभ्र मऊ सांदणं.

"हीच का ती?" नलू गोड आवाजात म्हणाली. "हे तर म्हणत होते कुरकुरीत असतात."

मी उत्तर देणार, तोच मागच्या दारात एक बाई उभी राहिली. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात झाकलेला डबा. डोळे रडून लाल, आणि चेहऱ्यावर मात्र शाळेत पहिल्या आलेल्या मुलीचा आनंद. शेजारच्या सुमनकाकू शेट्टी.

"शाहीन, ते आले गं!"

"कोण?"

"आमचे हे! मागचं दार त्यांच्यासाठीच उघडं ठेवतात ना, तिथून आले, सगळं पान साफ केलं, आणि मी विचारलं तर म्हणाले काय माहितीये? फक्कड! आमचा प्रकाश साक्षीला आहे. मी लालबागची मुलगी, मंगळूरची कोंबडी मला कुठून यायला? सासूबाईंनी कधी नीट दाखवलीच नाही. सगळं अंदाजाने शिकले बघ. आणि आज म्हणाले, फक्कड!" त्यांनी पदराने डोळे टिपले. "आणि ऐक तर! जाताना ताट विसळून ठेवलं. आख्ख्या जन्मात कधी पेला उचलला नव्हता!"

इक्बालची नजर माझ्या मिशीवर आली. मिशीला लाल रस्सा होता. मग त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, नलूकडे पाहिलं, आणि "तौबा!" म्हणून खुर्चीत बसला.

"मेल्यावर माणसं सुधारतात हो," काकू म्हणाल्या.

"तेवढीच आशा," नलू म्हणाली.

काकूंनी डबा उघडला. "हे पाहुणे का? घ्या, तुम्हीही घ्या त्यांचा प्रसाद." आणि माझ्या ताटात दोन तंगड्या! गळ्याशी आलेल्या पोटात मी त्या कशा ढकलल्या, ते माझं मला ठाऊक. "कसं झालंय?" त्यांनी विचारलं. माझ्या ओठावर 'फ' आलासुद्धा, पण टेबलाखाली इक्बालने माझा पाय चेचला.

"छान," मी बारीक, बायकी आवाजात म्हणालो. काकूंनी माझ्याकडे जरा टक लावून पाहिलं. मग त्या गेल्या.

इक्बाल आम्हांला स्कूटरपर्यंत सोडायला आला. "आता दर वर्षी यायचं."

"वेड लागलंय का तुला?"

"पुढल्या वर्षी पान तसंच राहिलं तर त्या बाईला काय वाटेल? एकदा चव आवडली आणि मग नवरा फिरकलाच नाही? तू खाल्लंयस, आता तूच निस्तर."

म्हणून दर सर्वपित्रीला मी ऑफिसात रजा टाकायला लागलो. कारण, 'श्राद्ध'. कुणाचं ते कधी कुणी विचारलं नाही. इक्बाल गल्लीच्या तोंडाशी पहारा द्यायचा, तो पाइपावरचा म्हातारा मला बघून नुसता हात जोडायचा, आणि मी एकटाच त्या अंधाऱ्या खोलीत पाटावर बसायचो. सवय झाली असेल, असं तुम्हांला वाटेल. अजिबात नाही! ज्योत दर वर्षी वाकायची. फोटोतले शेट्टी दर वर्षी पानात बघायचे. मी आधी त्यांना नमस्कार करायचो, "मालक, तुमच्याच बायकोसाठी," असं पुटपुटायचो, आणि मगच हात घालायचो. दाराबाहेरून काकू विचारायच्या, मी 'फक्कड' म्हणायचो, ताट विसळायचो आणि पळायचो. घरी जाईपर्यंत पाठीला थंडी वाजायची.

मग एका वर्षी डॉक्टरांनी माझं बीपी मोजलं, आणि नलूच्या हाती राज्य आलं. मीठ बंद, पापड बंद, लोणचं बंद. आमटी म्हणजे हळदीचं पाणी! महिनाभर मी गवत खाल्ल्यासारखं जेवलो आणि सर्वपित्रीची वाट बघत बसलो. एरवी जीव मुठीत धरून जायचो, त्या वर्षी धावत गेलो. शेट्टींना घाईघाईत नमस्कार केला, रोटी मोडली, रश्शात बुडवली, डोळे मिटून तोंडात घातली.

अळणी! ठार अळणी!

मी डोळे उघडले. पानात पापड नव्हता. बांगडाही तळलेला नव्हता, उकडलेला होता.

"अहो," दाराबाहेरून काकू म्हणाल्या, अगदी घरच्या आवाजात. "या वर्षी मीठ घातलेलं नाहीये हं. डॉक्टरांनी तुमचं बंद केलंय ना, नलू सांगत होती. रागावू नका. तब्येत आधी."

घास तोंडातच फिरायला लागला. मी वर पाहिलं. शेट्टींना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, त्यांना कुठला डॉक्टर आणि कुठलं बीपी? बाईंना ठाऊक होतं! कधीपासून, देव जाणे. आणि तरी त्या दर वर्षी पान मांडत होत्या, दार लावत होत्या, विचारत होत्या.

"जमलंय का?" त्यांनी विचारलं.

माझा गळा भरून आला. (त्यात घास अडकला होता, हेही खरं.)

"फक्कड!" मी म्हणालो.

दारापलीकडे काकू खुदकन हसल्या. आणि त्यांच्या जोडीला आणखी एक हसणं ऐकू आलं, ते मी कुठेही ओळखलं असतं. नलूचं!

म्हणजे जिवंत असताना बायकोचं पथ्य, आणि मेल्यावरही तेच! मग माणसाने मरायचं तरी कशासाठी?